माळेआडचा पिवळा दिवा

मी डावी बोलतेय. डावी म्हणजे सर्व्हरच्या डाव्या खणातली हार्ड डिस्क. काळी, चपटी, आकाराच्या मानानं चांगली जड. अंगावर अजून हळदीचं एक बोट आणि कुंकवाचा ठिपका आहे. तुम्ही म्हणाल, डिस्कची कुणी पूजा करतं का? करतात हो. आमच्या रबाळ्यात खंडेनवमीला लेथ, कटर, कॉम्प्युटर सगळ्यांची करतात. आणि त्याच दिवशी, त्या कुंकवासकट, मी जे करून बसले, ते मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

जन्माची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात काही राम नाही. परदेशातला कारखाना, धूळ नसलेली खोली, डोळ्यांपुरती उघडी असलेली माणसं. एका दिवशी माझ्यासारख्याच ढिगानं जन्मल्या. त्यातल्या आम्ही दोघी एका खोक्यातून जहाजानं आलो आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात पोचलो. खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

कंपनी आमची लहान, पण काम मोठं. ज्यांचा आवाज जाणार, त्यांचा आवाज आधीच साठवून ठेवायचा. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पेशंट आमच्याकडे येतो. काचेच्या खोलीत बसून दिलेली वाक्यं वाचतो. पुढे ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं, की त्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज तयार करतात आणि एका टॅबमध्ये घालून देतात. त्यानं टाइप करायचं, टॅबनं त्याच्या आवाजात बोलायचं.

मालक चंद्रशेखर साहेब. देवभोळे, सज्जन, आणि खर्चाचा विषय निघाला की पुढच्या महिन्यावर ढकलणारे. आवाज रेकॉर्ड करायची ती दीक्षा. गोड बोलून लोकांकडून तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. आणि कॉम्प्युटरचं सगळं बघायचा तो निशांत. आम्हाला त्यानंच खोक्यातून काढलं, खणांत सरकवलं आणि वर मार्करनं लिहिलं: डावी, उजवी.

स्क्रीनवर प्रश्न आला, या दोघींना कसं ठेवायचं? साहेब मागेच उभे होते.

"वेगवेगळ्या ठेवल्या तर जागा दुप्पट मिळेल ना रे?"

"मिळेल सर, पण एक उडाली की तिच्यावरचं सगळं गेलं. त्यापेक्षा मिरर करू. दोघींवर तेच तेच लिहिलं जाईल. एक गेली तरी दुसरी आहे."

"वा! म्हणजे बॅकअपचा वेगळा खर्च नको."

"तसं नाही सर. बॅकअप वेगळा लागतोच. मिररमध्ये चूक झाली तर ती चूकही दोघींवर होते."

"बघू रे, पुढच्या महिन्यात बघू."

तो पुढचा महिना काही उगवला नाही. निशांतनंही दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. दोघी आहोत ना, मग काय टेन्शन!

आमच्या दोघींवर एक मुकादम असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. लिहायचं काही आलं की तो दोघींना एकदम सांगायचा आणि आम्ही दोघी लिहायचो. त्यात डावं-उजवं नव्हतं. पण वाचायचं असलं की तो उजवीला आधी हाक मारायचा. ती माझ्याहून जराशी चपळ. जुळी बहीण असली म्हणून काय झालं, मनाला लागायचंच. मी गाठ बांधून ठेवली. खोटं कशाला बोलू?

पहिल्या दसऱ्याला साहेबांनी सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची भलीमोठी माळ घातली. दसरा झाला, दिवाळी झाली, झेंडू सुकून काळे पडले, माळ खाली ओघळली आणि नेमकी माझ्या दिव्यावर येऊन थांबली. प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी एक बारका दिवा असतो. हिरवा असला की ठीक, पिवळा झाला की दुखणं. निशांत एकदा माळ काढायला गेला तर साहेब कळवळले.

"अरे, हात लावू नको! नवी घालतानाच जुनी काढायची. आमच्या घरी वडलांपासून तसंच आहे."

निशांतनं हात मागे घेतला. कुणाच्या श्रद्धेत कशाला पडा?

श्रावणात सीतारामकाका आले. राहायला खारघरला, नोकरी सगळी तळोज्याच्या केमिकल कंपनीत, मोठ्या रिअ‍ॅक्टरवर. तिथल्या घरघरीत आयुष्य काढलेलं, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच. जिन्यातच त्यांचा आवाज आला. "मुक्ते! सावकाश चढ! पायरी तुटलीय!" मागून मुक्ताबाई, त्यांच्या पत्नी, हातात डब्याची आणि पाण्याच्या बाटलीची पिशवी घेऊन. ऑपरेशन गणपतीनंतर ठरलं होतं. तोवर आवाज साठवून घ्यायचा होता.

दीक्षानं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, माइक पुढे ओढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. ते थेट आमच्यावर उतरायचं.

"काका, काहीही बोला. मी फक्त आवाजाची पातळी बघतेय. ही ट्रायल आहे, पुढे वापरायची नाही."

"काय बोलू! मी सीताराम! महाडकडचा! तळोज्याला रिअ‍ॅक्टरवर होतो!"

"काका, जरा हळू."

"हे हळूच हाय!"

दीक्षाला हसू आवरेना. ती माइक मागे सरकवत राहिली आणि काका बोलत राहिले. कंपनीतल्या भोंग्याबद्दल, कँटीनच्या चहाबद्दल, खारघरच्या डासांबद्दल. सगळं वरच्या पट्टीत. मग घसा खरखरला.

"मुक्ते! पानी दे गं!"

"ओरडू नका. मी काय बहिरी हाय? इथंच तर बसलेय."

हे सगळं मी लिहून घेतलं. उजवीनंही घेतलं. ट्रायल संपली, दीक्षानं ती तशीच काकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहू दिली आणि खरं पहिलं वाक्य वाचायला दिलं.

तेवढ्यात लाइट फडफडली. यूपीएसची बॅटरी जुनी, तीही पुढच्या महिन्यातच बदलायची होती. मला क्षणभर गरगरलं. मुकादमानं हाक मारली. मी ओ दिली, पण उशिरा. मुकादम कडक माणूस. उशीर झाला की नाव कापतो. त्यानं मला जोडीतून काढलं, माझा दिवा पिवळा केला आणि भोंगा वाजवायला लागला.

"कुनाचा फोन वाजतोय? घ्या की!" काका ओरडले. हे मी ऐकलं, पण माझ्यावर उतरलं नाही. माझं लिहिणं तिथेच थांबलं.

"निशांत, ती पिपाणी बंद कर ना! रेकॉर्डिंगमध्ये येतेय!" दीक्षाची हाक.

निशांत धावत आला. भोंगा बंद केला. पुढून पाहिलं, तर उजवीचा दिवा हिरवा आणि माझ्या तोंडावर वाळलेला झेंडू. "लाइट गेली म्हणून वाजला असेल. बघतो नंतर," असं पुटपुटत तो गेला. आमच्या जातीला तोंड म्हणून तो एक दिवा. मी जीव तोडून पिवळी जळत होते आणि वर फुलं होती. इथवर माझा दोष नाही, हे मीही मान्य करते. दोष पुढे आहे.

त्यानंतर मी नुसती फिरत राहिले. डिस्क बाद झाली तरी फिरायची थांबत नाही. शेजारी उजवी एकटी राबत होती. तिनं दोन-तीनदा विचारलं, "डावे, बरी आहेस ना?" मी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, आता तर काय, सगळं राज्य हिचंच. एवढ्या दिवसांत मी तिची एकदा तरी विचारपूस केली असती तर! एकटीवर सगळं पडलं होतं बिचारीच्या.

काका येत राहिले. डबा घेऊन यायचे, वाक्यं वाचायचे. "उद्या पाऊस पडेल." "मला दवाखान्यात जायचे आहे." "शाळेची घंटा वाजली." शाळेची घंटासुद्धा अशी वाजवायचे की खालचे लेथवाले वर बघायचे. मुक्ताबाई बाहेर बसून दीक्षासाठी भाकरीचा अर्धा तुकडा बाजूला काढून ठेवायच्या. दीक्षा रोज काकांना आवाज खाली आणायला शिकवायची. दिवस गेले तसा घसा जास्त खरखरायला लागला आणि काकांची बोलण्याची घाई वाढली.

शेवटच्या दिवशी वाक्यं संपली. काका उठले नाहीत.

"मुक्ते, खालून चा घेऊन ये. सगळ्यांना." मुक्ताबाई गेल्यावर ते दीक्षाला म्हणाले, "पोरी, हे बंद करू नको. मला आजून एक बोलायचंय. ऑपरेशन झालं की हिला टॅबवर लावून द्यायचं. आदी नाय."

दीक्षानं मान हलवली आणि खोलीचं दार लावून बाहेर आली. आणि काका बोलले. हळू. इतकं हळू की मुकादमानंही कान टवकारले.

"मुक्ते, ल्हानपनी आईशी बोलायचो तसं बोलतोय बग. मशिनीत राहून वरडायची खोड लागली. तुजी भाजी चांगली झाली, ते पन वरडून सांगितलं. शेजारी समजायचे, भांडतोय. तू कदी काय बोलली नाय. आमचं सगळ्यांचं झाल्यावर शेवटी एकटी जेवायचीस. मी कदी इचारलं नाय. मुक्ते, जेवलीस का गं?"

बस्स, एवढंच. चहा आला तेव्हा काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. उजवीनं ते सगळं जपून लिहून घेतलं होतं. माझ्याकडे त्यातला एक शब्द नव्हता. मी ऐकलं होतं, पण आमच्यात ऐकलेल्याला किंमत नाही. लिहिलेलं असेल तरच ते पुन्हा ऐकवता येतं.

दीक्षाच्या लॅपटॉपवर जागा कधीच नसायची, म्हणून रेकॉर्डिंगची प्रत तिथे राहत नसे. जगात तो आवाज आता एकाच ठिकाणी होता, उजवीवर. गणपती झाले, ऑपरेशन झालं. आणि खंडेनवमी आली.

सकाळी निशांतनं सर्व्हर बंद केला. साहेबांनी जुनी माळ काढली. माझा दिवा मोकळा झाला, पण तेव्हा वीजच नव्हती. निशांतनं आम्हा दोघींना खणांतून बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, पाटावर ठेवलं. साहेबांनी हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, आमच्यावर आणि रिकाम्या कपाटावरही मूठभर अक्षता टाकल्या. उजवी माझ्या शेजारी पाटावर होती. इतक्या दिवसांनी एवढ्या जवळ. तरी मी बोलले नाही.

मग निशांतनं आम्हाला परत सरकवलं. उजवीच्या खणात अक्षतांतला एक तांदूळ पडलेला होता. ती पूर्ण आत गेली नाही, केसभर बाहेर राहिली. सर्व्हर चालू झाला. मुकादमानं हाक मारली, "उजवी!" उत्तर नाही. मग त्यानं अंधारात विचारल्यासारखं विचारलं, "दुसरं कोण आहे?"

मी म्हणाले, "मी आहे. मी तयार आहे."

इथं आहे माझं पाप. आमच्या पोटात एक खूण असते, शेवटचं लिहिणं कधी झालं त्याची. माझी खूण श्रावणातली होती. मला चांगलं माहीत होतं की मी मागे राहिलेली आहे. मी गप्प राहू शकले असते. नुसती अडखळले असते, घरघर केली असती, तरी निशांतनं खाली वाकून बघितलं असतं. पण कित्येक आठवड्यांनी कुणीतरी मला हाक मारली होती. एकट्या मला! उजवीच्या जागी! मला इतका आनंद झाला की मी टुणकन उभी राहिले.

मुकादम प्रामाणिक. त्यानं स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं, ही डिस्क जुनी आहे, मागे जोडीतून काढलेली आहे, तरी वापरायची का? निशांत वाचायला वाकला तेवढ्यात जिन्यातून साहेब ओरडले.

"निशांत, चल रे! लेथवाल्यांकडे पंगत बसली. श्रीखंड संपेल!"

"आलो सर!" म्हणत त्यानं 'हो' दाबलं. पूजेसाठी काढली होती म्हणून विचारतोय, असं वाटलं असणार त्याला. सर्व्हर उठला. त्यानं वरवर बघितलं, सीतारामकाकांच्या नावाचं फोल्डर जागेवर होतं. आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. मग त्याला उजवीचा विझलेला दिवा दिसला. "अरे, ही नीट बसली नाही वाटतं," म्हणून त्यानं अंगठ्यानं दाबलं. तांदूळ चिरडला, उजवी आत बसली. मुकादमाच्या लेखी आता मी घरची आणि ती नवी. नव्या डिस्कवर जुनीचं सगळं उतरवायचं, हा त्याचा नियम. त्यानं काम सुरू केलं. निशांत खूश होऊन जेवायला गेला.

"डावे, थांब," उजवी म्हणाली. "तुझ्याकडे श्रावणापर्यंतचंच आहे."

"गप बस. आता माझी पाळी."

"अगं, काका आहेत माझ्यावर. त्यांचं ते शेवटचं..."

मी थांबले नाही. मी वाचत गेले, मुकादम तिच्यावर लिहीत गेला. माझं जुनं, शिळं तिच्या ताज्यावर. दीक्षाचे इतके दिवस, पावसाची वाक्यं, शाळेची घंटा. एक खराब कण दाखवला असता, एकदा चुकून वाचलं असतं, तरी काम थांबलं असतं. आम्हाला आजारी पडायला कितीसा वेळ लागतो? पण मी त्या दिवशी कधी नव्हे इतकी धडधाकट होते. उजवी मध्येच बोलायची, मग तिचं बोलणं तुटक झालं, मग ती गप्प झाली. शेवटी बोलली तेव्हा माझ्याच शब्दांत बोलली. तेव्हा कुठे मी भानावर आले. पण तोवर कारभार आटोपला होता. दोघींचे दिवे हिरवेगार होते.

दसऱ्याची सुट्टी संपली. दीक्षा काकांचा आवाज तयार करायला बसली, फोल्डर उघडलं आणि खुर्चीतून उठली.

"निशांत, काकांची फक्त ट्रायल दिसतेय. बाकीचं कुठंय?"

निशांत आधी हसला. मग शोधायला लागला.  मुकादमाच्या नोंदी मागे मागे वाचत श्रावणापर्यंत गेला. तो उठून कपाटापाशी आला, नवी माळ वर उचलली, माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हाणतो. पण तो स्वतःच्याच कपाळावर हात मारून खाली बसला. त्यानं आम्हाला डेटा परत काढणाऱ्या लोकांकडेही नेलं. ते म्हणाले, वर दुसरं लिहिलं गेलंय, खाली काही उरलं नाही. बाकीच्या पेशंटची ऑपरेशनं व्हायची होती, ते पुन्हा येऊन वाचून गेले. सीतारामकाका कुठून वाचणार?

साहेब हादरले होते. "डिस्क उडाली म्हणून सांगू," ते म्हणाले. "मशिनच आहे. उडतं. तुझं नाव कशाला?"

 मला मात्र बरं वाटलं. बोला, म्हटलं, माझ्यावर घाला. कमीच आहे ते.

काका आणि मुक्ताबाई टॅब न्यायला आले ते पेढे घेऊन. काकांच्या गळ्याला, श्वासासाठी पाडलेल्या भोकावर, पांढरा रुमाल बांधलेला, हातात नातवाची पाटी. जिन्यात या वेळी काही ऐकू आलं नाही. साहेबांनी सुरुवात केली, "काका, जरा प्रॉब्लेम झालाय, आमची डिस्क..."

"उडाली नाही," निशांत मध्येच म्हणाला. "सर, उडाली नाही ती. मी चुकलो, काका. भोंगा वाजला तेव्हा मी माळ सारून मशिनचा दिवा बघितला नाही. पूजेच्या दिवशी घाईत चुकीचं दाबलं. तुमचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या हातानं पुसलं गेलं."

 मुक्ताबाईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

"तुमी त्या मशिनीची पूजा केलीत," त्या म्हणाल्या. "फुलं घातलीत. निरांजनाचा दिवा विजला तर धावत जाता ना तुमी? आनि त्याचाच दिवा नाय बगितला?"

साहेबांनी मान खाली घातली. काका उठले. टेबलावर मूठ आपटली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. ओरडायचं होतं त्यांना. रुमालातून फक्त वारा आला. ते मी पाहिलं. माझ्यासारखीला पापण्या नसतात, नाहीतर मिटून घेतल्या असत्या.

जाताना मुक्ताबाई पुढे जिन्यात गेल्या तेव्हा दीक्षानं काकांना थांबवलं. तिचे डोळे भरलेले. "काका, मी दाराबाहेर होते, तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. पण मावशींसाठी जे बोललात, ते निदान लिहून तरी द्या ना त्यांना."

काकांनी पाटीवर लिहिलं. "लिवायचं असतं तर तवाच लिवलं असतं. बोलायचं व्हतं."

दीक्षाला त्या रात्री झोप आली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी ती लवकर येऊन ट्रायल लावून बसली. पंख्याचा आवाज, खुर्चीचा आवाज, आणि काका. "मी सीताराम! महाडकडचा!" "हे हळूच हाय!" "मुक्ते! पानी दे गं!" जगात उरलेला सीतारामकाकांचा आवाज एवढाच. ती आणि साहेब त्याच्यामागे लागले. साहेबांनी या वेळी पुढचा महिना काढला नाही. आजकाल थोड्याशा आवाजावरूनही मशिन बऱ्यापैकी नक्कल उभी करतं. आवाज उभा राहिला. हुबेहूब काकांचा. फक्त एक अडचण. त्या तुकड्यात काका एकदाही हळू बोलले नव्हते, त्यामुळे मशिनला ते हळू बोलू शकतात हेच माहीत नव्हतं. काहीही टाइप केलं तरी ते ओरडायचं. आवाज बारीक केला की लांबून ओरडायचं. दीक्षानं खूप खटपट केली. हळुवारपणा काही येईना. तो मी पुसला होता.

आता मी निशांतच्या टेबलावर असते. कंपनीच्या नियमानं मला ड्रिल मारून भंगारात टाकायला हवं. त्यानं टाकलं नाही. कपाटात नव्या डिस्क आहेत, रोज संध्याकाळी बॅकअप गाळ्याबाहेर जातो, आणि माळ आता दाराच्या चौकटीला असते. निशांत कपाटासमोरून जाताना प्रत्येक वेळी वाकून दिवे बघतो. मग माझ्याकडे बघतो. आम्ही दोघं एकमेकांना ओळखून आहोत.

परवा काका टॅब न्यायला आले. दीक्षानं आधीच सांगून ठेवलं, "काका, आवाज तुमचाच आहे, पण... जरा मोठा आहे." काकांनी टॅब मांडीवर घेतला. साहेब, निशांत, दीक्षा उभे. मुक्ताबाई बाजूच्या खुर्चीवर, मांडीवर तीच पिशवी. या वेळी काकांनी त्यांना चहा आणायला पाठवलं नाही. एका बोटानं टाइप करायला लागले. खूप वेळ लागला. मला वाटलं, पाणी मागतील. मग त्यांनी बटण दाबलं.

"मुक्ते! मशिनीत राहून वरडायची खोड लागली! तुजी भाजी चांगली झाली, ते पन वरडून सांगितलं!"

खाली लेथ थांबला. दीक्षानं तोंडावर हात धरला. आवाज खोलीभर दणदणत होता.

"शेवटी एकटी जेवायचीस! मी कदी इचारलं नाय! मुक्ते! जेवलीस का गं!"

काका खाली मान घालून बसले. कान लाल झाले होते. मुक्ताबाई टॅबकडे बघत राहिल्या, मग काकांकडे.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "मी काय बहिरी हाय?" आणि पदर डोळ्यांना लावला. मग एकदम हळू, "नाय जेवले आजून. घरी गेल्यावर बसू."

ते दोघं गेले. जिना उतरताना टॅब पुन्हा ओरडला, "सावकाश उतर! पायरी तुटलीय!" आणि मुक्ताबाई हसल्याचं ऐकू आलं. निशांतही हसला, मग तोंड फिरवून उभा राहिला. मला हसता आलं नाही.

तुम्ही तुमच्या यंत्रांची पूजा खुशाल करा. फुलं घाला, कुंकू लावा, आम्हाला आवडतं. पण माळ जरा बाजूला सारून दिवा बघत जा. माझं आता फारसं काही उरलं नाही. ड्रिल मारलं तरी माझी तक्रार नाही. उजवीची माफी मागायची होती, पण ती आता माझीच प्रत आहे. तिची माफी मागितली तर मीच मला माफ केल्यासारखं होईल.

एकच मागणं आहे. तुम्हाला कधी खारघरला मुक्ताबाई भेटल्या, तर त्यांना सांगा. मावशी, ते काकांनी ओरडून म्हटलं नव्हतं. दार लावून, खिडकीकडे तोंड करून, आईशी बोलावं तसं हळू म्हटलं होतं. मी ऐकलंय.